अकराचा ठोका आणि एक डोकं

रोज अकराच्या ठोक्याला मोठे साहेब चहाला बाहेर पडत आणि आपल्या खोलीचं दार आपटत. त्याच क्षणी खालच्या मजल्यावर आवक-जावक कारकुनाच्या डोक्यावर छताचं प्लास्टर पडे. सुरुवातीला चुरा पडायचा. पुढे खपल्या पडू लागल्या, आणि एके दिवशी विटेएवढा तुकडा येऊन टाके घालावे लागले. तेव्हा कारकुनाने छत दुरुस्त करण्यासाठी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात त्याने सरळ लिहिलं, ‘वरचं दार’.

तीन सदस्यांची समिती बसली. तज्ज्ञ म्हणून तर्कशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले.

“दार आपटलं, हे मान्य. त्यानंतर प्लास्टर पडलं, हेही मान्य,” प्राध्यापक म्हणाले. “पण एकामुळे दुसरं झालं, हे तुम्ही पाहिलंत का?”

“साहेब, डोकं फुटलंय माझं!”

“ते तिसरं. तेही नंतर झालं, एवढंच.”

नुसत्या अर्जदाराच्या सांगण्यावरून काही ठरवता येत नाही, म्हणून तीस दिवस निरीक्षण करायचं ठरलं. कारकुनाने त्याच खुर्चीवर बसायचं होतं. त्याने हेल्मेट मागितलं, तर हेल्मेटमुळे निरीक्षण दूषित होईल असं उत्तर आलं.

“अहो, सोडा तो नाद,” बायको पट्टी बदलताना म्हणाली. “उद्या डोळा गेला म्हणजे?”

“समिती नेमलीय म्हणजे होईलच काहीतरी,” तो म्हणाला. त्याचा खरोखर विश्वास होता, बिचाऱ्याचा.

तीस दिवस प्लास्टर नेमाने पडलं. समितीने अहवाल दिला की, प्रत्येक वेळी त्याआधी दोन घटना घडल्या, घड्याळाचे ठोके आणि दार. पैकी दार साहेबांचं होतं, आणि साहेबांची चौकशी करण्याइतकं वरचं पद समितीत कुणाचंच नव्हतं. घड्याळाला मात्र पदच नव्हतं. ते अकराला पाच कमी असताना बंद करण्यात आलं.

ठोके पडले नाहीत, म्हणून साहेब उठले नाहीत. दार आपटलं नाही आणि प्लास्टरही पडलं नाही. समितीने टाळ्या वाजवल्या आणि घड्याळ दोषी ठरवून निलंबित केलं.

कारकुनालाही बरं वाटलं, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंतच. सुट्टी घड्याळाप्रमाणे व्हायची आणि घड्याळात अजून अकरा वाजायचे होते. संध्याकाळ झाली तरी पहारेकरी फाटक उघडेना. “साडेपाच वाजू द्या की,” तो भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला. वर साहेब चहावाचून तळमळत होते, पण अकरा वाजल्याशिवाय उठणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

शेवटी भुकेने कासावीस झालेला कारकून स्टुलावर चढला आणि त्याने लंबक हलवला. पाच मिनिटांत अकरा ठोके पडले. साहेब धावत सुटले, दार कधी नव्हे इतकं जोरात आपटलं आणि अर्धं छत खाली आलं.

समिती दहा मिनिटांत जमली. या वेळी निरीक्षणाची गरज कुणालाच वाटली नाही.

“कारण, हा कारकून,” प्राध्यापक म्हणाले.

“अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात की कारण दिसत नाही!”

“तुमचं दिसतं.”

कारकून निलंबनाचा कागद खिशात घालून घरी आला. न्याय कसा उफराटा असतो, शहानिशा न करता गरिबाच्या माथी दोष कसा मारतात, हे बायकोला कधी सांगतो असं त्याला झालं होतं. बूट काढायला तो वाकला, इतक्यात स्वयंपाकघरात कप पडून फुटल्याचा आवाज आला.

“फोडलास ना?” तो तिथूनच ओरडला. “हात आहेत की लाकडं! कधी म्हणून धड लक्ष नसतं तुझं!”

“अहो,” त्याच्या पाठीमागून आवाज आला. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन बायको दारातून नुकतीच आत येत होती. “कोणाशी बोलताय?”

कारकुनाने खाली मान घातली. आणि वाचकहो, ती तेवढ्यात मागे दिसली म्हणून बरं. नाहीतर आवाज आला तेव्हा आपण तरी कुठे दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं होतं?