आमच्या मंडळीचा अधिकृत इतिहास

आमच्या मेथॉडिस्ट चर्चच्या मंडळीला शंभर वर्षं झाली, म्हणून इतिहास लिहायचं ठरलं. आमच्यातल्या माणसाला स्वर्गात सोडलं, तरी तो आधी कमिटी नेमेल. तशी इथेही नेमली गेली.

कमिटीने ठराव केला, की सभेत ज्याची चर्चा झाली तेवढाच इतिहास. आमच्या सभेत भांडणंच होतात, त्यामुळे पुस्तक भराभर फुगलं. पंख्याचा वाद, पायरीचा वाद, आणि सगळ्यांत जाड प्रकरण ऑर्गनचं. बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, यावरून मंडळीत दोन तट पडले. पाळक आले, बदलून गेले. ऑर्गनमध्ये उंदरांनी संसार थाटला.

त्या सगळ्या काळात दर रविवारी माझी बायको तिसऱ्या बाकावरून सूर धरायची आणि मंडळी गायची. दोन्ही तट.

ती गेल्या वर्षी गेली. मी चिटणीसांना म्हटलं, तिच्यावर एक ओळ टाका.

"काका, काकूंनी कधी वाद घातला होता का?"

"नाही."

"बहिष्कार? निदान सभात्याग?"

"सभेत ती चहा द्यायला यायची."

"मग अवघड आहे हो. गाणं बंद पडलं असतं, तर विषय सभेत आला असता. काकूंनी ते बंदच पडू दिलं नाही."

पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी वाट काढायचा प्रयत्न केला. "घरी तरी कोणाशी भांडत असतील?"

"माझ्याशी. रोज."

"तुम्ही कमिटीवर होतात?"

"नाही."

"मग ते खासगी झालं."

प्रकाशनाच्या दिवशी मी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसलो. म्हटलं, तिचं नाव घाला, मग उठतो. चौघांनी मला उचलून बाहेर ठेवलं. लगेच तातडीची सभा भरली आणि ऑर्गनवरून एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही तट माझा निषेध करायला एकमताने एक झाले.

सभेत चर्चा झाली, म्हणजे तो इतिहास. दुसऱ्या आवृत्तीत माझ्यावर अख्खं प्रकरण आहे, फोटोसकट. तिचा उल्लेख 'सदर सभासदाची दिवंगत पत्नी' एवढाच.

"अहो, पण तिचं नाव?" मी चिटणीसांना विचारलं.

"काका, वाचणाऱ्याला भांडण कळलं की पुरे. नाव कोण विचारतंय?"

मला भयंकर राग आला. पण त्यांचं चुकलं कुठे? तुम्ही इथपर्यंत वाचत आलात. विचारलंत का?