दहा सेकंदांत न मावणारा नमस्कार

एकाच जुन्या डब्यात दोन संगणक बसवून दाखवतो, असं डोमाने आंधळगावच्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं. आपल्या हुशारीबद्दल त्याला तीळमात्र शंका नव्हती. त्याने तीन व्हिडिओ पाहिले होते, त्यातला एक तर पूर्ण!

संस्थेचा संगणक चौदा वर्षांचा. विंडोज सुरू होईपर्यंत माणूस तलावात जाळं टाकून परत यायचा. पण मराठी टायपिंग आणि सभासदांची यादी त्यातच होती. म्हणून विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स नावाची हलकीफुलकी, फुकटातली दुसरी प्रणाली बसवायचं ठरलं. म्हातारे सचिव यादोराव थक्क होतील आणि पुढच्या निवडणुकीत त्यांची खुर्ची आपल्याला मिळेल, हा डोमाचा आतला बेत.

रविवारी काम फत्ते झालं. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. बाण दाबून खालचं विंडोज निवडायचं. दहा सेकंदांत बाण दाबला नाही, तर गडी आपोआप लिनक्समध्ये शिरायचा. हे डोमाने यादोरावांना दोनदा समजावलं, त्यांनी दोनदा मान हलवली.

सोमवारी सकाळीच यादोरावांचा रडवेला फोन आला. चारच्या आत सभासदांची यादी छापून मोहाडीला तालुक्याच्या कचेरीत पोचवायची होती, नाहीतर तलावाचा ठेका अडकणार. आणि पडद्यावर लिनक्सच्या चित्रातल्या निळ्या डोंगराशिवाय काही नव्हतं.

डोमा धावला. त्याने संगणक बंद करून सुरू केला, बाण दाबला आणि विंडोज लागलं. ऐटीत तो पानठेल्यावर पोचतो न पोचतो तोच लाईट गेली. ती आल्यावर यादोरावांनी संगणक पुन्हा सुरू केला. पुन्हा डोंगर.

या वेळी डोमा आला तेव्हा कार्यालयात अर्धं गाव जमलं होतं. दोन वर्षं अर्ज करून नुकतंच यादीत नाव लागलेल्या मनकर्णाबाई तर पदर खोचून उभ्या होत्या. आपल्या हाताला यश उरलं नाही, खुर्ची सोडतो, असं यादोराव सांगत होते. डोमाच्या मनात लाडू फुटले, पण ठेका गेला तर त्याचंही जाळं कोरडंच राहणार होतं.

"काका, माह्यासमोर एकदा सुरू करा," तो म्हणाला.

यादोरावांनी बटण दाबलं, उदबत्ती लावली, डोळे मिटले आणि हात जोडले. मारोती, मातामाय, वैनगंगामाय, तलावाच्या पाळीवरची देवी, मग स्वर्गवासी वडील. सगळ्यांनी हात जोडले. पडद्यावर आकडे उतरत होते. डोमाला सगळा घोटाळा कळला, पण बाण दाबता आला नाही, कारण सवयीने त्याचेही हात जोडलेलेच होते.

डोंगर आला.

"काका, नमस्कार थोडा आटोपता घेता का?" डोमाने चाचरत विचारलं.

मनकर्णाबाई कडाडल्या, "काहून? घाई देवाले हाय का तुह्या डब्ब्याले?"

पुढच्या खेपेला डोमाने एक हात छातीशी धरला आणि दुसऱ्याने बाण दाबला. यादी छापली आणि चारला दहा कमी असताना मोहाडीला पोचली.

निवडणुकीत यादोराव बिनविरोध निवडून आले. डोमालाही सहसचिवपद मिळालं. रोज सकाळी दहाला यायचं आणि बाण दाबायचा, एवढंच काम. आता बाणाची काळजी मिटल्यामुळे यादोरावांनी नमस्कारात आणखी दोन देव वाढवले आहेत.