गफूरभाईंचं हवामान खातं

नेरमध्ये कूलर दुरुस्त करणारे बरेच आहेत, पण कूलरला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाकडून इंग्रजी वदवून घेणारा एकच, आमचे गफूरभाई. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. इतर दुकानदार जिथं 'आज रोख, उद्या उधार' लिहितात, तिथं गफूरभाईंनी जुन्या कूलरचा पत्रा ठोकून त्यावर निळ्या रंगात, ठसठशीत देवनागरीत लिहून ठेवलंय: 'व्हॉट इज द वेदर लाइक इन युअर होमटाउन?'

पद्धत अशी. गिऱ्हाइकानं आत यायचं, पाटीकडे बघून हा प्रश्न मोठ्यानं विचारायचा. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली गफूरभाईंची मुलगी निखत त्याचं इंग्रजीत उत्तर देणार. उत्तर पुरं झालं की मग गफूरभाई पाना उचलणार. तोवर पंप जळालेला असो, पंखा अडकलेला असो, नाहीतर गिऱ्हाईक स्वतः भाजून निघालेलं असो, काम सुरू होत नसे.

बोरी अरबचा एक व्यापारी टेम्पोत कूलर घालून आला होता. त्यानं हात जोडले. "गफूरभाई, घरी सासरे उकडून राह्यले हो. हे वाचाचं कायले?"

"मंग लवकर वाचा ना. टाइम तं तुमीच खाऊन राह्यले."

बिचाऱ्यानं वाचलं. घाम पुसत, एकेक अक्षर लावत, पण वाचलं. गफूरभाईंना नाही म्हणणं नेरमध्ये कोणाला जमत नाही, कारण मे महिन्यात त्यांच्याशी वाकडं घेऊन जगणार कसं?

आता हे खूळ आलं कुठून ते सांगतो. निखत यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्स. रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. हात असा हलका, की सुई टोचल्याचं रोग्याला नंतर सांगावं लागे. तिला परदेशात नोकरीला जायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास होणं भाग होतं. वाचणं, लिहिणं ठीक होतं. पण समोर अनोळखी माणूस इंग्रजीत बोलायला लागला की पोरीचा आवाजच जायचा. पहिल्या खेपेला ती नापास झाली, आणि झाली ती नेमकी हवामानावर.

क्लासवाल्यांनी तयार उत्तर पाठ करून घेतलं होतं. मला ऊन फार आवडतं, लख्ख ऊन पडलं की आम्ही सगळे पिकनिकला जातो, वगैरे. नागपूरला परीक्षक बाईंसमोर निखतनं सुरुवात तर झोकात केली. पण 'सनी डे' म्हटल्याबरोबर तिच्या डोळ्यांसमोर नेरची वैशाखातली भरदुपार उभी राहिली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि कुत्रीसुद्धा कूलरखालच्या चिखलात पोट टेकून पडलेली. पिकनिकच्या अलीकडे पोरीची गाडी जी थांबली ती थांबलीच.

हे कळल्यावर गफूरभाई मुलीवर एका शब्दानं रागावले नाहीत. ते रागावले त्या उत्तरावर. आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "ऊन पडलं म्हणून पिकनिकले जाते? नवतप्याच्या आगीत? थो माणूस दवाखान्यातच सापडन ना भाऊसाहेब! माझी पोरगी इंग्रजीत नाई अडकली. खोट्यात अडकली."

इतकं अचूक निदान मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि इलाज तर त्याहून जबर. पोरीला अनोळखी माणसांची धास्ती वाटते ना? मग दुकानात दिवसभर अनोळखी माणसंच तर येतात! "एग्झामिनर चालत येऊन राह्यले दारात, अन् मी त्यांचे कूलर पाहू?" दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

मलाही त्यांनी नेमून टाकलं. मी तहसील कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. "तुमचा चेहरा बिलकूल एग्झामिनरचा हाय," गफूरभाई म्हणाले. "पाह्यला का माणूस स्वतःचं नाव विसरते." ही स्तुती समजून मी कामाला लागलो. माझं काम एकच. निखतचं उत्तर संपलं की चेहरा तसाच ठेवून विचारायचं, "व्हाय?" मोबाइलवरच्या व्हिडिओत त्यांनी पाहिलं होतं, की परीक्षक दर उत्तरानंतर हेच विचारतो. "व्हाय म्हणजे काहून," त्यांनी मला समजावलं. "परीक्षावाले अन् माझी सासू, दोघाईले येकच सवय."

निखत ड्युटीवर असली तरी प्रश्न चालूच. त्या दिवशी उत्तर गफूरभाई स्वतः द्यायचे, सराव मोडायला नको म्हणून. "इट इज हॉट. टू मच हॉट. पत्रा इज हॉट. स्क्रू इज हॉट. कस्टमर इज ऑल्सो हॉट." मी "व्हाय?" म्हटलं की शांतपणे म्हणायचे, "बिकॉज मे मंथ." याच्यावर परीक्षक काय बोलणार?

निखतला मात्र एवढ्यावर सुटका नव्हती. सुरुवातीला ती खाली मान घालून "इट इज व्हेरी हॉट" म्हणायची आणि थांबायची. "व्हेरी हॉट तं सारेच म्हणतात," गफूरभाई पान्यानं पत्र्यावर टकटक करायचे. "पुढं बोला."

तिची भीड मोडली ती एका बंजारा आजीबाईंमुळे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून गफूरभाईंनी प्रश्न कानात सांगितला. आजीबाईंनी कमरेवर हात ठेवून तो असा काही विचारला, की जणू सुनेनं दूध उतू जाऊ दिलंय. निखतला हसू फुटलं, आणि हसता हसता ती न अडखळता बोलून गेली. आजीबाई म्हणाल्या, "चांगलं बोलते वं पोरगी," आणि आपला पंप घेऊन गेल्या. त्यांना काय कळलं होतं देव जाणे, पण निखतच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा धीर पाहिला.

मग ती दुपार आली. घाटंजीचा एक ड्रायव्हर आला होता. धिप्पाड माणूस, आवाज लाउडस्पीकरचा. त्यानं प्रश्न विचारला तेव्हा शेजारच्या सायकलवाल्यानंही मान वर केली. निखत पाणी प्यायली आणि बोलायला लागली. इंग्रजीत बोलली ती, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

ती म्हणाली, आमच्या गावात उन्हाळा दिसायच्या आधी ऐकू येतो. होळी झाली की माझे वडील माळ्यावरचे पत्रे खाली काढतात आणि ठोकायला लागतात. त्या ठोकण्यावरून मला कळतं, आता ऊन येणार. मग घराघरांत नवं गवत भरलेले कूलर सुरू होतात आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीला ओल्या गवताचा वास येतो. आमच्याकडे ऊन पडलं म्हणून कोणी खूश होत नाही. पण उन्हात कोणी दारात आलं, तर आधी पाणी देतात आणि मग नाव विचारतात.

ती पुढे म्हणाली, ऊन फारच वाढलं की आमच्या घरात कूलर नसतो.

मी सवयीनं विचारलं, "व्हाय?"

तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं. मग सांगितलं, की कोणाच्या घरी तान्हं मूल असतं, कोणाकडे आजारी माणूस असतं, आणि त्यांचा कूलर दुरुस्तीला आलेला असतो. तो होईपर्यंत माझे वडील आमच्या घरातला देतात. म्हणून मी मोबाइलवर तापमान बघत नाही. घरी आले आणि कूलर जागेवर नसला, की मला समजतं आज किती ऊन आहे.

गफूरभाईंना एकाएकी जमिनीवर काहीतरी शोधायचं होतं. खाली वाकूनच ते म्हणाले, "घर की बात बाहर कायको बोलती, बेटा?"

मला आमच्या घरातली गोष्ट आठवली. आमच्या हिच्या आजारपणात, ऐन मे महिन्यात, आमचा कूलर बंद पडला होता, आणि गफूरभाईंनी त्याच दिवशी दुसरा आणून लावला होता. "जास्तीचा पडून हाय," म्हणाले होते. आम्ही त्या गारव्यात झोपलो, आणि पलीकडच्या भिंतीआड हे बापलेक उकाड्यात. गफूरभाईंची बायको गेल्यापासून त्या घरात दोघंच होती. केवढा हा माणूस! आणि मी त्याला निव्वळ गमतीचा समजत होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर निखतनं नागपूरला पुन्हा परीक्षा दिली. गफूरभाई बरोबर गेले होते. परत आले ते तोंड पाडून.

"हवामान आलं का?" मी विचारलं.

"आलं ना. तेच आलं."

"मग?"

"बाईनं गावचं हवामान विचारलं, तं पोरीनं घरातला कूलर सांगतला. बाई म्हणे, व्हाय? तं टाइम संपेपर्यंत बापाबद्दलच बोलत बसली!" त्यांनी कपाळावर हात मारला. "विषय सोडला भाऊसाहेब. गेले मार्क."

मार्क कुठं जातात? पोरगी उत्तम पास झाली. गफूरभाईंनी गल्लीत पेढे वाटले, आणि पेढा हातात देण्याआधी प्रत्येकाकडून पाटी वाचून घेतली. हिवाळ्यात निखत आयर्लंडला गेली. तिला पोचवून आल्यावर त्यांनी लगेच दुकान उघडलं. आठवडी बाजाराचा दिवस असावा तसे ते मोठमोठ्यानं बोलत होते, आणि दुकानात मी सोडून कोणी नव्हतं.

परवाची गोष्ट. पुन्हा उन्हाळा लागलाय. माझा पंप बंद पडला म्हणून दुकानात गेलो. पाटी तिथंच होती. स्टूल रिकामं होतं. मी रिवाजाप्रमाणे प्रश्न विचारला.

गफूरभाई पंप उघडत म्हणाले, "इट इज रेनिंग. व्हेरी कोल्ड विंड. मॉर्निंग नो सन."

बाहेर डांबर वितळत होतं. मी चेहरा तसाच ठेवून विचारलं, "व्हाय?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. खिशातून मोबाइल काढून मला दाखवला. त्यावर निखतच्या तिकडच्या गावचं हवामान होतं, ढगाचं चित्र आणि पावसाचे थेंब. "सकाळी उठलो का आधी हेच पाह्यतो," ते म्हणाले. "छत्री विसरते ना ती. इथली हवा पाहून मी काय करू भाऊसाहेब? इथं माझं कोन हाय आता?"

मोबाइल खिशात ठेवत ते म्हणाले, "पण पंचाईत होते. तिचा संध्याकाळी फोन येते. रोज पहिलं हेच विचारते, अब्बा, अपने गाव का मौसम कैसा है? अन् मी तं दिवसभर मान वर करून पाह्यलेलंच नसते."

मी कोपऱ्यातलं निखतचं स्टूल दाराशी ओढलं आणि त्यावर बसलो. म्हटलं, आजपासून इथलं हवामान मी सांगणार. तुम्ही तिला सांगा.

"इंग्लिशमंदी सांगा मंग," गफूरभाई म्हणाले. डोळे पुसताना त्यांच्या गालाला पंपाचं काळं लागलं होतं.

मी बाहेरच्या पांढऱ्याफटक उन्हाकडे नीट पाहून घेतलं. "इट इज व्हेरी हॉट," मी म्हणालो.

त्यांनी पान्यानं पत्र्यावर टकटक केलं. "थे तं सारेच म्हणतात. पुढं बोला."