पाण्याची कड आखणारे मल्हारीतात्या

दर अठरा दिवसांनी आमचे मल्हारीतात्या इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत यायचे. साडेनवाच्या सुमारास अंगणात उभं राहायचं, टोपी काढायची आणि आभाळाकडं बघून हसायचं. वरून अमेरिकेचा उपग्रह फोटो काढत जायचा ना!

"तात्या, टोपी का काढली?"

"टोपी काय, कुणाच्याबी डोक्यावर असती. टक्कल आपलं सवताचं हाय की!"

त्या फोटोत अख्खं शेत ठिपक्याएवढं दिसतं, असं साहेबांनी एकदा समजावलं. तात्या म्हणाले, "मग ठिपका तरी हसरा येऊ द्या की."

आणीबाणीच्या आगेमागे सोलापूरच्या त्या कचेरीत मी कारकून होतो, तात्या ट्रेसर. फोटो दोनेक महिन्यांनी हातात पडायचे. त्यांवर पातळ कागद ठेवून तात्या सांगोल्याकडच्या तलावाची कड शाईनं उतरवायचे. दिवाळीची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी. हात असा, की रेघ बघत बसावं. आणि तोरा तर विचारूच नका! कुणी शंका काढली की, "फोटू खोटं बोलत न्हाय." मला तर त्या वाक्याचा वीट आला होता.

एका वर्षी साहेबांनी गाळपेरीचं वाटप फोटोवरून करायचं ठरवलं. तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात, ती गाळपेर. पारूआज्जी नावाची एकटी बाई अशाच एका तुकड्यावर वर्ष काढायची. फोटोत तिचा तुकडा पाण्याखाली दिसला. साहेबांनी नाव खोडलं.

आणि उठले कोण, तर तात्या!

"साहेब, फोटू दिवाळीचा हाय. आता संक्रांत झाली. पाणी लई मागं सरलं आसंल."

"तुम्हीच म्हणता ना, फोटो खोटं बोलत नाही?"

"खोटं न्हाय बोलत. पर उशिरा बोलतो."

साहेब भला माणूस. जीप काढली. जाऊन बघतो तर आज्जी ओल्या गाळात हरभऱ्याचं बी पदराच्या ओट्यात घेऊन उभी! साहेबांनी बॉनेटवरच कागद ठेवून तिचं नाव पुन्हा लिहिलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आज्जीनं घरात उरलेला तिळगूळ आणून आमच्या हातावर ठेवला.

परतताना मी विचारलं, "तात्या, आज्जी तुमच्या नात्यातली?"

"न्हाय. पर माझी आईबी आशीच गाळ पेरायची. तवा मी नवा ट्रेसर. मागल्या सालच्या कडेवरनं झोकात नकाशा उतरवला, तितं बघाय गेलोच न्हाय. आईचा कोरडा तुकडा कागदावर पाण्यात गेला. तिला मिळाला न्हाय."

"मग? रागावल्या असतील."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"न्हाय. नकाशा मागून घेतला. त्याच्यावर बोट फिरवलं आन् म्हणली, 'रेघ लई सुरेख काढलीस की रे.'"