खुशालीची ओळ

लातूरचे बिराजदार सर ज्या गाडीचा इतिहास तोंडपाठ सांगतात, ती गाडी कित्येक वर्षं त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी आहे. इंग्रजी बनावटीची, लाल, दोनच माणसांची. मी नांदेडचा. जुन्या गाड्यांचा धंदा मी शून्यातून उभा केला. मराठवाड्यात मला सौद्यात हरवणारा एकच माणूस निघाला आणि त्याला सौदा करताच येत नाही, हे माझं दुखणं आहे.

मी किंमत बोललो की सर गाडीच्या कंपनीची गोष्ट सुरू करायचे.

"शेठ, बसा आधी. कोंबड्यांच्या खुराड्यात चालू झालता कारखाना. दोघं भाऊ अन् एक सुतार."

"गाडीला सुतार कशाला?"

"सांगाडा लाकडाचा हाय ना."

मग शर्यती, दिवाळं, पुन्हा शर्यती. आठवड्याला एक गाडी, तीही हातानं. "घाई केली न्हाई, म्हणून टिकले," हे सरांचं पालुपद. कोचिंग क्लासमध्ये त्यांनी फिजिक्समधला टॉर्क शिकवायला घेतला की पोरं पेनं खाली ठेवायची, आता इंग्लंड येणार म्हणून. पण टॉर्क विसरलेलं पोरगं मला अजून भेटलेलं नाही.

क्लासच्या मालकाला ही गाडी दारात लावून पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो काढायचे होते. गाडी आणून देतो, असा शब्द मी देऊन बसलो होतो. सरांनी पुन्हा खुराडं काढलं तेव्हा माझा तोल गेला.

"बुडाली तुमची कंपनी. भंगाराला किती दिवस कवटाळता?"

सर उठले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. आत पत्रं होती. सुटे भाग मागवायला ते कारखान्याला इंग्रजीत लिहीत, पण वळण आपलंच. आधी 'येथे सर्व खुशाल, आपली खुशाली कळवावी', मग गॅस्केट. तिथला स्टोअरवाला आधी गोंधळला असेल. पुढे तोही तसंच लिहू लागला: येथेही सर्व खुशाल, सुताराचे गुडघे सोडून.

एक पत्र सरांनी मला मराठीत वाचून दाखवलं. "तुमचं पत्र मिळालं. कार्बोरेटरचा भाग पाठवतो. या वेळी खुशालीची ओळ नव्हती. काय झालं?"

पत्र भूकंपानंतरचं होतं. गावाकडच्या घरात सरांची बायको गेली, हे मला ठाऊक होतं.

"पंचनाम्याला लई लोक आले," सर म्हणाले. "किती खण पडले, किती जनावरं गेली, लिहून गेले. शेजारीपाजारी कोण इचारणार? सगळ्यांचंच गेलतं. ह्यानं इचारलं."

"पण कारखाना तर बंद झाला."

"झाला. त्या स्टोअरवाल्या म्हाताऱ्याच्या घरच्या पत्त्यावर लिहितो आता. त्याची खुशाली कोण इचारील?"

त्या दिवशी सौदा मी तिथंच सोडला. मालकापुढं खोटा पडलो, तो राग अजून आहे. लातूरला गेलो की सरांचं पाकीट टपालात टाकायचं काम मात्र माझ्याकडे असतं. परवा सहज विचारलं, "काय लिहिलंय?"

"येथे सर्व खुशाल," सर म्हणाले. "नांदेडचे शेठबी खुशाल. अजून गाडीच मागायलेत."

मी काही खोडायला सांगितलं नाही.