अकस्मात भेटीची बारा मिनिटं

उंचावरून ओतलेल्या पुदिन्याच्या चहावर जो फेस येतो, तो वारा नसेल तर चाळीस सेकंद टिकतो. जवळून एक चारचाकी क्वाड बाइक गेली तर अकरा. दहा बाइक ओळीने गेल्या तर फेस दिसतच नाही. पेल्यावर गेरूच्या रंगाची पातळ साय धरते आणि पर्यटक तिला दालचिनी समजून पितात. ही निरीक्षणं वाटाड्या इद्दरची. मराकेशजवळच्या खडकाळ वाळवंटातून तो दिवसातून तीनदा पर्यटकांची रांग घेऊन तूदामावशीच्या तंबूपाशी येई, आणि तिथे तीन वर्षं तो फक्त पहिला पेला पीत होता.

त्याने मावशीच्या मुलीला, यत्तोला मागणी घातली होती. मावशी नाही म्हणाली नव्हती, होही म्हणाली नव्हती. तिच्या घराण्यात महत्त्वाचं बोलणं तिसरा पेला रिकामा झाल्यावर होतं, त्याआधी नाही. आणि नियमानुसार आदरातिथ्याला मिळत बारा मिनिटं. तेवढ्यात दहा पाहुण्यांचा एकच पेला होतो.

सुट्टीच्या दिवशी जावं, तर तीही सोय नव्हती. वाळवंटी अनुभव प्रमाणीकरण कार्यालयाने मावशीला 'अकस्मात भेटणारे भटके कुटुंब, वर्ग अ' असा दाखला दिला होता. वाटाड्याची अशा कुटुंबाशी ओळख निघाली तर भेट अकस्मात राहत नाही, परवाना रद्द. म्हणून इद्दर रोज तीनदा टेकडीवर बाइक थांबवी, कपाळावर आडवा हात धरी आणि म्हणे, "अरे, तिकडे कुणाचा तरी तंबू दिसतोय."

मंगळवारी दुपारच्या फेरीला तपासणीसाठी लाझ्राकसाहेब आले. निळं मुंडासं बांधून, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ते इद्दरच्या मागच्याच बाइकवर बसले.

"बाई, आपलं नाव काय?" तंबूशी पोचल्यावर इद्दरने नियमाप्रमाणे विचारलं.

"कालचंच," मावशी म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "उत्स्फूर्त आनंद दुसऱ्या ते चौथ्या मिनिटात व्हायला हवा. अजून झालेला नाही."

"सकाळी झाला, साहेब," यत्तो म्हणाली. "पुन्हा हसले तर जबडा धरतो."

"आणि ही शेळी पाहुण्यांकडे पाठ करून उभी आहे."

"तिला दाखला मिळाला नाही. रुसलीये."

साहेबांनी शेरा लिहिला. बारा मिनिटं झाली, इद्दरने पेला खाली ठेवला, सगळ्यांनी शिरस्त्राणं चढवली. तेवढ्यात टेकडीवर दुसऱ्या कंपनीच्या दहा बाइक उगवल्या.

एरवी दोन्ही वाटाडे अशा वेळी आभाळाकडे बघत. पण आज साहेब होते. त्यांनी शिट्टी फुंकली. "एकांताचं कलम. एका तुकडीला दुसरी दिसता कामा नये. दिसल्यास समोरची दिसेनाशी होईपर्यंत दोघींनी इंजिन बंद करून जागीच थांबावं."

दोन्ही तुकड्या जागीच थांबल्या. थांबल्यामुळे त्या एकमेकींना दिसत राहिल्या. अर्ध्या तासाने तिसरी तुकडी आली आणि तिला दोन दिसल्या. चौथीला तीन. चाळीस माणसं सपाट माळावर एकमेकांच्या अदृश्य होण्याची वाट पाहू लागली.

"आम्ही डोळे मिटून निघालो तर?" एका पर्यटकाने विचारलं.

"वाहन चालवताना डोळे उघडे ठेवावेत," साहेब म्हणाले. "तेही कलम आहे."

माळावर आता एकही इंजिन चालू नव्हतं. मावशीने किटली पुन्हा विस्तवावर ठेवली आणि दुसरा पेला ओतला. इद्दरने मनात आकडे मोजले. फेस पुरते चाळीस सेकंद टिकला. पर्यटकांना पहिल्यांदाच कळलं की मावशी चहात दालचिनी घालत नाही.

मग मावशीने तिसरा पेला ओतला. इद्दरने तो तळापर्यंत संपवला.

"हं," मावशी म्हणाली. "आता बोल, कशाला आलास?"

साहेबांची लेखणी वर झाली. इद्दरने खिशावरून हात फिरवला; परवाना त्यातच होता.

"मी ओळखतो तुम्हाला, मावशी. तीन वर्षं ओळखतोय. यत्तोसाठी आलोय."

साहेबांनी शब्दन् शब्द टिपून घेतला. मग त्यांनी मान वर केली, तर चाळीस मोबाइल इद्दरवर रोखलेले. एक बाई डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, की एवढी खरीखुरी गोष्ट तिने पैसे देऊनही कुठे पाहिली नव्हती. साहेबांनी टिपलेला कागद हलकेच फाडला.

"ओळख माफ," ते म्हणाले. "मागणी दिवसातून तीनदा घालावी. फक्त उत्तर राखून ठेवा, बाई. उत्तर मिळालं की लोक परत येत नाहीत. निदान पुढल्या हंगामापर्यंत."

"मावशी, आधी इकडे वळा," मागून कुणीतरी म्हणालं. "चेहऱ्यावर उजेड नाही."

मावशीने यत्तोकडे पाहिलं. यत्तो हसली, चौथं मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं. मग मावशी उजेडाकडे पाठ करून उभी राहिली.

"मुलगी दिली," ती म्हणाली. "लग्न शुक्रवारी, घरच्या माणसांत. आणि दुसऱ्याच्या दारात काय चाललंय ते शेवटपर्यंत बघत बसलेल्यांनो, तुम्ही आता उठा. तुमच्या घरी कुणी उत्तरासाठी खोळंबलं असेल."