पाठमोरे बागडे सर

बांबूउडी शिकवणारा माणूस उडी पाहतच नसे, असं मी सांगितलं की लोकांना ती थाप वाटते. पण आमचे बागडे सर खरोखरच पाहत नसत. मुलगा बांबू घेऊन धावायला लागला की सर गर्रकन वळायचे आणि सौंसरच्या बाजाराकडे तोंड करून उभे राहायचे. मागे धप्प आवाज झाला की तिकडेच पाहत म्हणायचे, "सांग."

म्हणजे उडी कशी गेली ते उडणाऱ्यानंच सांगायचं. शेवटची पावलं लांब पडली की आखूड, बांबू कुठे टेकला, पाय वर गेले तेव्हा नजर कुठे होती, सगळं. ऐकून झालं की सर चूक काढायचे आणि ती नेमकी निघायची. उमेश नावाचा एक उंच मुलगा होता. तो रेडिओवर सामना सांगावा तसं रंगवून सांगायचा, की दांडी खूप खाली राहिली, आपण हवेत तरंगतच होतो. सर शांतपणे म्हणायचे, "दांडी पह्यले वाजली, तू मागून वाजला. आता खरं सांग."

एकदा शाळा तपासायला साहेब आले. मैदानावर मुलं उडतायत आणि मास्तर पाठ करून उभे, हे पाहून त्यांनी विचारलं, तुम्ही शिकवता की रुसून बसता? सर म्हणाले, मी ऐकून राहिलो साहेब, जरा बोलू नका. साहेब थोडे गोंधळले आणि मग तेही बाजाराकडे तोंड करून उभे राहिले. दोघं बराच वेळ तसेच उभे होते. आम्ही पोटं धरून हसत होतो.

सरांचं दुसरं खूळ म्हणजे खड्डा. पडायच्या खड्ड्यात खाली रेती, वर पोती आणि पोत्यांत वाळलं गवत. माझी आई हंगामात संत्र्याच्या पेट्या भरायला जायची, तिथलं उरलेलं गवत सर मागून आणायचे. त्यामुळे आमच्याकडे आपटणाऱ्याच्या अंगालाही संत्र्याचा वास यायचा. पण सराव सुरू होण्याआधी सर स्वतः त्या खड्ड्यात उतरून, पँट, शर्ट, गळ्यात शिट्टी अशा थाटात, या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळायचे. कुठे टणक लागलं की उठून पोतं सारखं करायचे आणि पुन्हा लोळायचे. रस्त्यानं जाणारे बैलगाडी थांबवून हा कार्यक्रम बघत. सरांना त्याचं काही नसे.

बांबूचे लाड तर विचारू नका. मोहगावच्या बुरडाकडून निवडून आणलेला तो बांबू सरांच्या खोलीत भिंतीवर आडवा टांगलेला असायचा आणि दर रविवारी त्याला जवसाचं तेल लागायचं. सरांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती, मूलबाळ नव्हतं. गावात चेष्टा चालायची की मास्तरांनी बांबूशी संसार मांडला आहे.

आता मी यात कशी आले ते सांगते. मी खो-खो खेळायची. आमचं मैदान शेजारीच होतं. एका संध्याकाळी मुलं पाणी प्यायला गेली, बांबू गवतावर पडलेला, सर सवयीनं पाठमोरे. मला राहवलं नाही. रोज बघून बघून सगळं पाठ झालं होतं. बांबू उचलला, धावले, टेकवला आणि काय झालं कळायच्या आत संत्र्याच्या वासात तोंडावर पडले.

"सांग," सर म्हणाले.

मी घाबरत सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं, वरचा हात आणखी वर धरायला हवा होता म्हणाले, आणि पावलं हलकी आहेत, कोणता पोट्टा आहे बे हा, असं विचारत वळले. समोर मी, दोन वेण्या, फ्रॉकला गवत. सर क्षणभर पाहत राहिले. मग म्हणाले, "उद्या भावाचा पायजमा घालून ये."

एवढंच. मुलगी आहेस, असं काही नाही. आमच्या घरात मुलीला 'कर' म्हणायचे, 'आण' म्हणायचे. 'सांग' म्हणणारा पहिला माणूस मला त्या मैदानावर भेटला. त्याचे उपकार मी अजून मोजते आहे.

अडचण अशी होती की तेव्हा मुलींची बांबूउडी कुठेच नव्हती. शाळेत नाही, जिल्ह्यात नाही. मी दोन हिवाळे नुसती शिकत राहिले. मग आईनं बजावलं की पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा, छिंदवाड्याच्या स्पर्धेला खो-खोसाठी जाऊन ये, मग हे उड्या मारणं बंद. मला एकदा, फक्त एकदा, खऱ्या मैदानावर लोकांसमोर उडायचं होतं. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते खड्ड्यात उतरून लोळायला लागले.

छोट्या लाईनच्या आगगाडीनं आम्ही निघालो. बांबू खिडक्यांखाली बाहेरून बांधलेला आणि सर खिडकीतून हात काढून सगळा घाट तो धरून बसलेले. मैदानावर पोचल्यावर त्यांनी आधी तिथला खड्डा लोळून पाहिला. मग पंचांकडे जाऊन अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की खांब जुने दिसतात, दांडी नीट बसते की नाही कळत नाही, कुणाचं पोरगं पडलं तर आपल्यावर येईल. आमच्याकडे टेस्टिंगसाठी एक मुलगी आहे, ती आधी उडून पाहील. पंचांना घाई होती. ते बरं म्हणाले.

मी टेस्टिंग केलं. मग मुलं उडाली. दांडी वर चढवली. सर पुन्हा पुढे झाले, उंची बदलली म्हणजे पुन्हा टेस्टिंग आलंच. पंच कुरकुरले. पण लोकांना गंमत वाटू लागली होती, टाळ्या पडू लागल्या होत्या. आणखी थोड्या वेळानं दांडी चढवल्यावर पंचांनीच हाक मारली, "अरे, वो टेस्टिंगवाली बच्ची कहाँ है?"

त्या उंचीवर उमेश आणि आणखी एकच मुलगा उरला होता. मी गेले. दांडी हललीसुद्धा नाही. नंतर त्या दोघांनी प्रत्येक वेळी ती पाडली. आधीच्या उंचीवर उमेश पहिला आला आणि टेस्टिंगवालीनं दांडी बिघडवून ठेवली म्हणून माझ्यावरच चिडला. माझं नाव कुठेच लागलं नाही, लागणारही नव्हतं. पण सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. फक्त एक माणूस पाठ करून उभा होता.

मी धापा टाकत गेले. सांगितलं. मग मला रडूच आलं. म्हटलं, "सर, आज तरी पाहायचं होतं."

सर बांबूवरची धूळ पुसत म्हणाले, "भेव लागते, बाई. तुमी वर गेले का मंग मले खालून काहीच करता येत नाई. खड्डा तेवढा पाहून ठेवतो. बाकी माह्या हातात काय आहे?"

परतीच्या गाडीत रामाकोना स्टेशन येईपर्यंत त्यांनी ती उडी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावली.

पुष्कळ वर्षांनी पांढुर्ण्याला त्यांना भेटायला गेले. पुतण्याच्या घरात मागची खोली होती. भिंतीवर तोच बांबू, तेल लावलेला. टीव्हीवर कुठल्याशा मोठ्या देशातली स्पर्धा चालू होती आणि बायका बांबूउडी मारत होत्या. सरांनी मला विचारलं, "हे पोरींचं खरोखरचं आहे, का टेस्टिंग चालू आहे?"

"खरोखरचं आहे, सर. पडद्यावर नावं लिहून येतात."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात पडद्यावरची मुलगी धावायला लागली आणि सरांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगू लागले. पावलं कशी पडली, वरचा हात किती वर होता, टेकवताना खांद्याला कसा हिसका बसला, वर गेल्यावर पहिल्यांदा टाळ्या कशा ऐकू आल्या. पडद्यावरची मुलगी केव्हाच खाली येऊन टॉवेल गुंडाळून बसली होती. मी सांगतच होते.

"हे तिचं नाई," सर भिंतीकडे पाहत म्हणाले. "हे त तुहं आहे, छिंदवाड्याचं."

मी थांबले.

"थांबू नको, बाई. सांग."